सोमवतीचं बियाणं

डॉ. धनाजी मार्गासनीकरांचं मूळ आडनाव मार्गासनीकर नव्हतंच. जन्म मार्गासनीचा, एवढं खरं. पण चौथी झाल्यावर ते पुण्याला मामाकडे गेले ते गेलेच. पुढे भाताच्या जनुकांचे मोठे शास्त्रज्ञ झाले, परदेशातल्या सभांना जायला लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपलं साधं आडनाव पाटीवर काही शोभत नाही. मग गावाचं नाव लावून घेतलं आणि एका दिवसात मातीतला माणूस झाले. भाषणात ‘आमच्या खाचरातला चिखल’ म्हणायचे आणि डोळे मिटायचे. त्या चिखलात त्यांनी कधी पाय घातलेला मार्गासनीत कुणालाच आठवत नाही.

नसरीनला हे सगळं फार उशिरा कळलं. दोन हजार साली ती त्यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागली तेव्हा पोरगी हरखून गेली होती. भोरच्या बाजारपेठेत गाद्या भरणाऱ्या मौलाली पिंजाऱ्यांची ती मुलगी. कापूस उडणाऱ्या घरात नाकाला ओढणी बांधून तिनं अभ्यास केला, एम.एस्सी.ला पहिली आली, आणि आता शेजारच्या तालुक्यातला एवढा नावाजलेला माणूस तिला मार्गदर्शक म्हणून मिळाला होता.

“आपल्याकडचेच आहेत अब्बा,” ती म्हणाली.

“मग बरंय,” अब्बा म्हणाले. “आपल्याकडचा मानूस निदान आपल्याला फसवताना लाजंल.”

सरांच्या खोलीत खुर्चीच्या मागे काच लावलेला एक कागद टांगलेला असायचा. वर छापून आलेल्या पेपरांचा आकडा, खाली सायटेशनचा. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या पेपराचं नाव घेतलं की तुमच्या खात्यात एक जमा. शास्त्रज्ञ किती मोठा हे आता यावरूनच ठरायचं. नेमणूक त्यावर, बढती त्यावर, पुरस्कार त्यावर. लोक भिंतीवरचं कॅलेंडर बदलतात तसा सर महिन्याच्या महिन्याला तो कागद बदलायचे. नवा लावला की दोन पावलं मागे सरून बघायचे आणि मगच चहा मागवायचे.

तिथली रीत नसरीनला शिकवली शेफालीनं. शेफाली तिच्याआधी दोन वर्षं तिथं होती आणि कशाचंच वाईट वाटून घ्यायचं तिनं सोडून दिलं होतं.

“पेपर लिहायला घेतलास की आधी सरांचे जुने पेपर संदर्भात घालायचे. सहा-सात तरी. मग तुझं काय ते लिही.”

“पण माझ्या कामाशी त्यांचा संबंध नसेल तर?”

“संबंध लावायचा. त्यालाच इथं संशोधन म्हणतात.”

शिवाय सरांचे दोस्त होते. एक दिल्लीला, एक हैदराबादला, एक कुठं तरी आसामात. यांनी पेपर काढला की त्यात त्या तिघांची नावं, त्यांनी काढला की यांचं. सुट्टीला भोरला आल्यावर नसरीननं हे घरी सांगितलं. अब्बा गादीला टाके घालत होते. हात न थांबवता म्हणाले, “म्हंजी सावड की ही.”

भोर-वेल्ह्याच्या माणसाला सावड सांगावी लागत नाही. लावणीच्या दिवसांत आज सगळे माझ्या खाचरात वाकायचे, उद्या सगळे तुझ्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, हाताची फेड हातानं होते.

“सावडच,” नसरीन हसली.

“फरक हाय पर. सावडीत भात तरी लागतो. तुमच्यात काय लागतं?”

“आकडा लागतो, अब्बा.”

“अन् त्यो खातंय कोण?”

सर एका कामाचे चार-चार पेपर कसे करतात हेही तिनं सांगितलं. थोडं इथं छापायचं, थोडं तिथं, मधला तुकडा तिसरीकडे. अब्बांनी मान डोलावली. दोन उश्यांच्या कापसात आठ उश्या भरणारे कारागीर त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ बघितले होते. असल्या उश्या दिसतात छान, म्हणाले, फक्त डोकं ठेवू नये.

आता या सगळ्या उश्यांमधली जी सगळ्यात फुगलेली, तिची गोष्ट. पंच्याण्णव सालच्या जानेवारीत सर संस्थेची जीप घेऊन तोरण्याच्या मागच्या अंगाला पासलीला गेले होते. तिथं फुलाबाईच्या घरी पिढ्यानपिढ्या जपलेला आंबेमोहर आहे असं त्यांना कुणीसं सांगितलेलं. त्यांनी बियाणं आणलं, त्याचा डीएनए तपासला आणि सत्त्याण्णवला मोठ्या परदेशी मासिकात पेपर छापला. त्यात काय म्हटलं होतं? तर सह्याद्रीच्या कुशीतल्या या अतिप्राचीन भातात दूर पूर्वेकडच्या बुटक्या भाताच्या खुणा सापडतात, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी तिकडची माणसं हे घाट चढून आली असली पाहिजेत. वाचणारे थक्क झाले. थक्क झाले म्हणून लिहायला लागले, आणि लिहायला लागले की नाव घ्यावंच लागतं. भाताचे लोक नाव घेत होते, इतिहासाचे घेत होते, समुद्रमार्गांवर लिहिणारेसुद्धा घेत होते. भिंतीवरच्या आकड्यातला निम्मा या एका पेपराचा. सरांच्या नावामागे मार्गासनीकर लागलं तेही तेव्हाच.

नसरीनचा प्रबंध याच भातावर होता. पासलीच्या भाताला वास येतो तो नेमका कुठल्या जनुकामुळे, हे तिला शोधायचं होतं. चार वर्षं तिनं त्यात घातली. ईदला एक दिवस घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडायची. काम पुरं झालं की तिच्या नावाचा पहिला पेपर निघणार होता. तिचं नाव पहिलं, सरांचं शेवटचं. त्याच्यावर पदवी, पदवीवर नोकरी. तिच्याबरोबरच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली होती आणि नातेवाईक अब्बांना विचारायचे, पोरगी एवढी काय करते तिकडं? अब्बा सांगायचे, भात शिजवते. जरा वेळ लागतोय.

दोन हजार चारला बरणीतलं जुनं बियाणं संपत आलं. “जा, पासलीहून आण,” सर म्हणाले. “तुमच्याकडचंच आहे.” तेव्हा मात्र ते ‘आमच्या खाचरातलं’ नव्हतं.

नसरीन चेलाडी फाट्याला उतरून वेल्ह्याच्या एसटीत बसली, वेल्ह्याहून पासलीवरून जाणाऱ्या केळदच्या. पासलीत फुलाबाईचं घर कुणीही दाखवलं असतं. बाई साठीच्या पुढची, नवरा गेलेला, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून. पिंजाऱ्याची पोर म्हटल्यावर तिनं आधी चौकशी केली, की माझ्या लग्नातली गादी तुझ्या आज्यानं भरलीया, अजून दबली न्हाई, हाय का त्यो? आजा गेला म्हटल्यावर हळहळली. मग चहा झाला, भाकरी झाली. कणगीतून पसाभर भात काढून तिनं पिशवीत घातला, वर देवापुढचं चिमूटभर कुंकू टाकलं.

“ही घरची लक्ष्मी हाय. सांडू नगं,” म्हणाली.

नसरीननं ते पुण्याला नेऊन तपासलं. बरणीतल्या जुन्या भाताशी ते जुळेना. थोडंथोडकं नाही, कुठंच जुळेना. पूर्वेकडच्या खुणांचं तर नावसुद्धा नव्हतं. साधा, निर्मळ, इथल्याच मातीतला आंबेमोहर.

तिला वाटलं, आपलीच चूक. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरांना दाखवलं तर त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “नमुन्यात भेसळ झालीय. हात स्वच्छ ठेवत जा,” म्हणाले. चार वर्षं हातमोज्यांत घालवलेल्या मुलीला! नसरीन खाली मान घालून बाहेर आली आणि शेफालीसमोर रडली. राग सरांचा नव्हता अजून, स्वतःच्या हातांचाच होता.

पुढच्या रविवारी ती परत पासलीत. या वेळी तिनं बियाणं मागितलं नाही, विचारलं, “फुलामावशी, सर आले होते तेव्हा त्यांना तुम्ही याच कणगीतलं दिलं होतं ना?”

“न्हाई बा,” फुलाबाई म्हणाली. इतक्या सहज, की पावसापाण्याचं विचारल्यासारखं.

“मग?”

“अगं, सोमवती हुती त्या दिशी. मला उपास. त्यो दाक्तर आला जीप घिऊन, बसल्या बसल्या कोंबडं मागाया लागला. म्या म्हणलं, आज सोमवती, आज घरात कोंबडं कुठलं? तर म्हणतो, बरं, मग बी तरी दे. आता अमुशाला घरचं बी भाईर द्यायचं म्हंजी लक्ष्मीच काढून दिल्यावानी. मार्गासनीचा मानूस न्हवं का? त्याला ठावं असाया नगं? पर पाव्हण्याला रिकाम्या हातानं कसं लावू? खालच्या तुकड्याला लावाया पावसाळ्यात वेल्ह्यातनं विकतची इंद्रायणी आणली हुती, तिची उरलेली गोण पडवीत हुती. तिच्यातलं दिलं पायलीभर.”

“इंद्रायणी?”

“व्हय. विकतचं बी म्हंजी काय घरची लक्ष्मी न्हवं. ते दिलं तर चालतं.”

नसरीननं पडवीतल्या खांबाला पाठ टेकली. इंद्रायणी म्हणजे सरकारी शेतीकेंद्रानं काढलेला सुधारित वाण. आपल्या आंबेमोहरावर पूर्वेकडचा बुटका भात चढवून काढलेला, सर आले तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. पूर्वेकडच्या खुणा त्यात असणारच होत्या, मुद्दाम घातलेल्या होत्या. घाट चढून हजारो वर्षांपूर्वी कुणी आलं नव्हतं. जे आलं ते गोणीत बसून, वेल्ह्याच्या एसटीच्या टपावरून.

“त्यांनी विचारलं नाही, हे कुठलं म्हणून?”

“त्यानं पिशवी घेतली, माझा फोटू काढला, अन् गेला. आणि कोंबडं न्हाई म्हणून तोंड वाकडं करून गेला.”

परत जाताना नसरीननं वेल्ह्याच्या दुकानातून मूठभर इंद्रायणी घेतली. तपासली. बरणीतल्या अतिप्राचीन भाताशी दाण्याला दाणा जुळली. तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण सरांचा पेपर जेवढा बुडत होता तेवढाच तिचा प्रबंध बुडत होता. चार वर्षं ती इंद्रायणीचा वास शोधत होती आणि त्याला पासलीचा म्हणत होती.

ती सरांपुढे गेली. सगळे निकाल टेबलावर मांडले. सर या वेळी बघत होते. रंग उतरला त्यांचा, तो लपला नाही. नसरीन सांगायला लागली, “हे कसं झालं ते मी फुलाबाईंना विचारलं, सर. त्या दिवशी...” सरांनी हात वर केला.

“कसं झालं ते सोड. आणखी कुणाला माहितेय?”

“कुणालाच नाही.”

“मग बस.” ती बसली. सरांनी स्वतः उठून पंखा वाढवला. आवाज एकदम मऊ झाला होता. “तुझं काम उत्तम आहे. या आठवड्यात पेपर पाठवू. तुझं नाव पहिलं. तू जुन्या बरणीतल्या भातावर काम केलंस, तेवढंच लिही. खोटं काही लिहायचं नाही. बरणीवर पासली लिहिलंय, आपण पासली लिहायचं.”

“पण तो पासलीचा नाही, सर.”

“पासलीहून आणला ना? माझ्याच जीपनं आणला.”

याला म्हणतात निर्लज्जपणा. अक्कल गहाण टाकलेला माणूस असं बोलला असता तर कीव आली असती. हे तर पूर्ण शुद्धीत बोलत होते. तरी नसरीन त्या दिवशी नाही म्हणून बाहेर आली नाही. विचार करते म्हणाली. ती काही संत नव्हती. तिला पदवी हवी होती, भोरच्या लोकांची तोंडं बंद व्हायला हवी होती, आणि चार वर्षं तिची स्वतःची होती, सरांची नव्हती. घरी येऊन दोन दिवस ती नाकाला ओढणी बांधून अब्बांबरोबर कापूस पिंजत राहिली. शेवटी अब्बांनीच विचारलं. तिनं सांगितलं.

अब्बा पिंजलेला कापूस गादीत सारत होते. म्हणाले, “आतमधी चिंध्या भरून वर नवं कापड चढवणारे आमच्यातबी हैत. पर गादीवर मानूस झोपतं. आठ दिसात त्याला टोचाया लागतं, मग त्यो येतो दुकानात शिव्या घालत. तुमच्या त्या कागदावर झोपतं कोण?”

“कुणीच नाही.”

“म्हंजी टोचणारबी कुणाला न्हाई.” त्यांनी कापूस दाबला. “तुला टोचंल का, तेवढं बघ.”

तिला टोचलं असतं. ती परत गेली आणि सरांना नाही म्हणाली. मग जे व्हायचं तेच झालं. तिची खुर्ची हलली, किल्ली गेली, शेफाली जिन्यात दिसली तरी मोबाईल कानाला लावायला लागली. संस्थेत पसरवलं गेलं की मुलगी मेहनती आहे, पण हात स्वच्छ नाही. नसरीननं दुसरा मार्गदर्शक शोधला आणि खऱ्या पासलीच्या भातावर पहिल्यापासून काम धरलं. पोटापाण्याला भोरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. पण सगळ्यात आधी तिनं एक काम केलं. दोन पानांचं टिपण लिहून त्याच परदेशी मासिकाला पाठवलं. पहिल्या पानावर निकाल: प्राचीन म्हणून छापलेला भात विकतची इंद्रायणी आहे. दुसऱ्या पानावर हे कसं झालं ते: सोमवती, उपास, घरची लक्ष्मी, पडवीतली गोण. दोन हजार सहाला ते छापून आलं.

तिला वाटलं, आता हा डोलारा कोसळणार. तो काच लावलेला कागद उतरणार. तिच्या सगळ्या खटाटोपाचा हाच एक मोबदला तिला पाहिजे होता, की त्या माणसाला एकदा तरी मान खाली घालून खरं वाचावं लागावं. तेवढ्यावर ती पुढची दोन वर्षं रेटायला तयार होती.

आणि कोसळतंय कसलं! जगभर बोभाटा झाला खरा. भारतातल्या एका प्रसिद्ध पेपरातला भातच दुसरा निघाला, ही काय लहान गंमत होती? जो तो त्यावर लिहायला लागला. नमुने कसे गोळा करू नयेत यावर लिहिणारे आले, चुका कशा होतात यावर लिहिणारे आले. आणि प्रत्येकानं पहिल्या ओळीत काय लिहिलं? ‘मार्गासनीकर, १९९७’. लिहिल्याशिवाय चूक कुणाची ते सांगणार कसं? सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला काय, शिवी असो की ओवी, नाव घेतलं की एक जमा. वर्षभरात सरांचा आकडा दुपटीवर गेला. नसरीनच्या टिपणाचं नाव मोजक्यांनी घेतलं. बरेच जण म्हणत, ‘पुढे हे चूक ठरले’, आणि कुणी ठरवलं ते सांगायला विसरत.

आणि या वाढलेल्या आकड्यात अगदी पहिली भर कुणाची? नसरीनची. तिच्या दोन पानांतला पहिला संदर्भ तोच होता. हे लक्षात आलं त्या दिवशी ती कॉलेजात तास न घेता घरी आली. एवढी चीड तिला सरांनी हाकललं तेव्हाही आली नव्हती. अब्बांना सांगितलं तर त्यांना आधी समजेना, आणि समजल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली.

“म्हंजी तू त्याच्या घरावर दगडं मारली, अन् त्यानं त्येच रचून वर माडी बांधली?”

“हो, अब्बा.”

“लई हुशार मानूस,” अब्बा म्हणाले आणि थुंकायला बाहेर गेले.

दोन हजार आठ संपता संपता सर संस्थेचे संचालक झाले. निवड समितीपुढे आकडा ठेवला होता. आकड्याच्या आत कुणी डोकावलं नाही. वेल्ह्यातल्या मंडळींनी भूमिपुत्राचा सत्कार ठरवला. झेंडावंदनाला साहेबांना सुट्टी असते म्हणून सव्वीस जानेवारीचा मुहूर्त धरला. सोमवार होता. भोर-वेल्ह्यातली भाताची जाणकार म्हणून नसरीनलाही बोलावणं आलं, तोवर तिच्या नावामागेही डॉक्टर लागलं होतं. ती जाणार नव्हती. फुलाबाईचा निरोप आला, “मला ष्टेजवर बशिवत्यात, एकलीला भ्या वाटतंय, तू ये.” म्हणून गेली.

मांडव बाजाराच्या पटांगणात. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. मग फुलाबाईनं ज्या कणगीतून हा इतिहास घडला त्यातलंच बियाणं साहेबांना द्यायचं, असं ठरलेलं. फुलाबाई उठली, पायलीभर भाताची पिशवी सरांच्या हातात दिली, फोटो निघाले. कुंकू काही तिनं टाकलं नाही. सर पिशवी छातीशी धरून माईकवर आले आणि डोळे मिटले.

“आमच्या खाचरातला चिखल,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. “या भातावर जगानं वाद घातले. आमची एक विद्यार्थिनी इथं बसलीय, तिनंही घातला. मी तिचा आभारी आहे. वादामुळंच संशोधन वाढतं. आता आपल्याकडं नवी यंत्रं आहेत. या पिशवीतल्या भाताचा संपूर्ण जीनोम आम्ही वाचणार आहोत, आणि खरं काय ते एकदाचं जगापुढं मांडणार आहोत.”

लोक परत टाळ्या वाजवायला लागले. फुलाबाई स्टेजवरून उतरून नसरीनशेजारी येऊन बसली. तिच्याकडे न बघता हळूच म्हणाली, “आज सोमवती हाय.”

नसरीन गर्रकन तिच्याकडे वळली. “मावशी, मग हे कुठलं दिलंत?”

“कालच आणली इंद्रायणी. हितल्याच दुकानातनं. मी काय करू? दोन दिसांनी कार्यक्रम ठिवा म्हणलं तर आयकलं न्हाई कुणी.”

नसरीन उठली. कार्यक्रम संपून सर गाडीकडे निघाले होते, तिनं त्यांना गाठलं. मनात काही डाव नव्हता. कितीही झालं तरी तो भात खोटा होता आणि हा माणूस तो परत जगापुढे नेणार होता. एकदा तोंडावर सांगावं, एवढंच.

“सर, आज सोमवती अमावस्या आहे.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत काहीच नव्हतं, अगदी कोरी नजर.

“मग?” ते म्हणाले. तिनं वाट बघितली. त्यांना काहीच आठवलं नाही, कारण आठवायला आधी वाचलेलं लागतं. “नसरीन, तुला हे शोभत नाही. विज्ञानाच्या माणसानं तिथ्याबिथ्या बघायच्या नसतात.” आणि ते मायेनं हसले.

तेव्हा तिला कळलं की या माणसानं तिची दोन पानं कधी उघडलीच नव्हती. ज्या दोन पानांनी त्याला संचालक केलं, त्यातलं दुसरं पान जगात पुष्कळांनी वाचलं होतं, फक्त त्यानं नाही. त्यानं आकडा वाढलेला बघितला होता आणि चहा मागवला होता. ती गाडीसमोरून बाजूला झाली. ड्रायव्हरनं पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, सांडू नये म्हणून तिला पट्टा लावला, आणि गाडी मार्गासनीच्या रस्त्याला लागली. मार्गासनीत ती थांबली नाही, असं नंतर कळलं.

एसटीच्या वाटेवर फुलाबाई म्हणाली, “आता परत कागद काढंल व्हय गं त्यो?”

“काढेल.”

“मग तू परत खोडशील?”

“नाही मावशी,” नसरीन म्हणाली. “खोडलं की त्याचं वाढतं.” तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं पुसले नाहीत. “अमावस्या सरली की मी पासलीला येते. मला घरचं बी द्या थोडं.”

“कागदाला?”

“हो.”

फुलाबाई थांबली. उभ्या उभ्या तिनं पोरीला नीट न्याहाळून घेतलं. “कागदाला आता कुणालाच न्हाई द्यायची म्या,” ती म्हणाली. “पेराया देईन.”

“मला रान कुठंय पेरायला?”

“माझं हाय की. आवंदा लावणीला मानसं कमी हैत. सावडीला ये. तवर आज रान तरी बघून घे.”

पासलीकडे जाणारी केळदची एसटी आली. नसरीननं म्हातारीला आधी चढवलं आणि मागोमाग आपणही चढली. भोरची गाडी दुसऱ्या बाजूला उभी होती.